उघाडी

दिवसाचे साडेतीन हजार, ऐंशी किलोमीटर,
पुढे किलोमीटरमागे चौदा,
टोल-पार्किंग तुमचं,
आणि माझ्या बोलण्याचे पाचशे वेगळे,
असं मी फोनवरच सांगून टाकते.
बाई गाडी चालवते म्हणून कुणी घासाघीस करू नये,
आणि बाई बोलते म्हणून ते फुकट धरू नये.

म्हातारा बेलापूरच्या हॉटेलच्या पायरीवर उभा होता,
ऊन मे महिन्याचं आणि पायात गमबूट.
नाव येल्टे, गाव हॉलंडमधलं कुठलंसं.
मला ‘दामियांती’ म्हणाला.
दुरुस्त केलं नाही,
त्याचं नाव तरी माझ्या तोंडात
कुठे नीट बसत होतं?

माझी यादी पाठ:
खारघरचा डोंगर, खाडीतले गुलाबी पक्षी,
बेलापूरचा पडका किल्ला, दुपारी बोंबील.
तो मागे बसलाच नाही.
पुढे येऊन पट्टा लावला, म्हणाला,
डोंगर नको.
तुमच्या शहरातलं पाणी बाहेर कुठून जातं
ते दाखवा.

सात वर्षांत हे पहिल्यांदा.
लोक पाणी आत कधी येतं ते विचारतात,
तेही भाड्याने घर बघताना.

वाशीला नेलं. मिनी सीशोर.
माणसं तळ्याभोवती चालत होती,
डॉक्टरांनी सांगितलेल्या फेऱ्या मोजत.
हा कठड्यावरून कमरेपर्यंत वाकलेला:
खाली लोखंडी झडप,
तिच्या कडेला चिकटलेली कालवं.
खाडी चढली की ती आपोआप मिटते,
उतरली की आतलं पाणीच तिला ढकलून
निघून जातं.
आमचं अर्धं गाव असंच, तो म्हणाला,
समुद्राच्या खालच्या पायरीवर झोपतं.
चेहरा असा,
की परमुलखात सोयरा भेटावा.
तो हात लावायला गेला.
मी मागून शर्ट धरला. पडाल.

ह्याला तुमच्यात काय म्हणतात?
गाइडला उत्तर यावं लागतं.
म्हटलं, फ्लॅप गेट.
तो म्हणाला, हे ना तुमचं, ना माझं.
तुमचं सांगा.

आणि तोंडातून निघालं: उघाडी.

मला माहीत नव्हतं
हा शब्द माझ्यात शिल्लक आहे.
बापूस खारबांधावर होता, जुहूगावचा.
भरतीआधी फळ्या पाडायच्या,
ओहोटीला उचलायच्या,
अवसेला, पुनवेला, जेवता जेवता हात धुऊन.
खारं एकदा आत शिरलं
की तीन वर्षं भाताचं नाव नको.
हे सगळं ऐकलेलं.
बांध मी पाहिला नाही.
मी पाहिला तो
बांध गेल्यावरही रात्री उठणारा बापूस,
ओट्यावर बसून, काडी न ओढता
ओठात विडी धरलेला,
कान खाडीकडे.
आई आतून म्हणायची,
निजा आता, पानी पन सिडकोचं झालं.

म्हाताऱ्याने वही काढली.
मी म्हणाले उ, तो म्हणाला ऊ.
घा त्याला जमेना, खोकल्यासारखा आला.
अर्थ विचारला. सांगितला.
थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला,
आणि मिटलेली असते तेव्हा?
तेव्हाही उघाडीच, म्हटलं.
मिटाडी असा शब्द नाही आमच्यात.

बासष्ट किलोमीटर झाले.
किल्ला राहिला, पक्षी राहिले,
बोंबील मात्र खाल्ले, काट्यासकट.
हॉटेलशी उतरताना
बोलण्याचे पाचशे त्याने वेगळे मोजले,
जरा कचरला,
की हे आता द्यावेत की नाही.
मी हात पुढे केला. घेतले.
उद्या पंपहाउस बघायचं म्हणाला,
साडेसहाला.

रात्री जाग आली, कधी येत नाही.
मोबाइलवर बघितलं,
भरती तीन बावन्न.
आणखी अकरा मिनिटं होती.
पडून राहिले. कुणी फळ्या पाडायच्या नव्हत्या.
कान तेवढे
खिडकीकडे.